आढीचे गणित

माझे थोरले बंधू अवकल समीकरणे आकडेमोडीने सोडवण्याच्या पद्धतींवर जन्मभर काम करत राहिले. त्या कामाची पहिली परीक्षा रत्नागिरीला, आमच्या घराच्या माळ्यावर, आंब्याच्या आढीत झाली.

१९३० नंतरचा एक वैशाख. मुंबईच्या एका कॉलेजने दादांना शिकवायला बोलावले होते. बाग कोण बघणार, असा वडिलांचा प्रश्न होता. शिवाय दादा नेमके काय करतात हे त्यांना पटत नव्हते. सरळ सुटत नाही असे समीकरण घ्यायचे, या घटकेला बदलाचा वेग काढायचा, त्यावरून पुढच्या घटकेचा अंदाज, त्यावरून त्याच्या पुढचा.

"म्हणजे काळोखात चाचपडत जायचं," वडील म्हणाले. दादांनी ते मान्य केले.

मग वडिलांनी अट घातली. पेंढ्यात आंबे नुकतेच घातले होते. ते कोणत्या दिवशी पिकतील हे दादांनी आधी सांगावे. बरोबर आले तर मुंबई, नाहीतर बाग.

दादांनी शाळेतून थर्मामीटर आणला आणि आढीतली ऊब मोजून पाटीवर आकडे मांडले. पायरी लहान तितके उत्तर अचूक, म्हणून ते तासातासाला पेंढा उपसत. आईने हटकले तर म्हणाले, एका वेळी जाते ती ऊब नगण्य आहे. गुरुवार जाहीर झाला.

गुरुवारी आंबे हिरवेगार. वडिलांनी एक दाबून पाहिला आणि लोणच्याला चालेल असा निर्वाळा दिला.

दादा दुपारभर पाटीपुढे बसले. चूक त्यांच्याच हातात सापडली. दर वेळची नगण्य ऊब त्यांनी हिशेबातून सोडून दिली होती. ती सगळी मिळून इतकी झाली की आढी निवली होती. अचूकपणासाठी घेतलेल्या लहान पायऱ्यांनीच उत्तर बिघडवले होते. तो तोटा धरून त्यांनी नवे उत्तर काढले, थर्मामीटर शाळेत परत केला आणि वडिलांना रविवार सांगितला.

"अट गुरुवारची होती," वडील म्हणाले.

"हो, आबा. गुरुवार चुकला. का चुकला ते आता ठाऊक आहे."

रविवारी सकाळी वास खाली ओटीपर्यंत आला. वडिलांनी एक आंबा खाल्ला, मग दुसरा घेतला. कोय ताटात ठेवून ते म्हणाले, "जा मुंबईला. इथे राहिलास तर पुढच्या वर्षी कलमांनाच थर्मामीटर लावशील."

पावसाने बोटी बंद व्हायच्या आत दादा गेले. आईने बरोबर आंब्याची पेटी दिली आणि ती कधी उघडायची हेही स्वतःच सांगितले.