सरांच्या डोळ्यांवरचा चष्मा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — सरांना तर नाहीच. मग आत्ताच कशाला, असं विचाराल. खरं सांगू? मलाही नाही माहीत.

काष्टीच्या शाळेत आमचे इंग्रजीचे सर क्रियापदं करून दाखवायचे. 'कील ओव्हर' हा तर त्यांचा हातखंडा! उभा माणूस एकाएकी कोसळून आडवा होतो, त्याला म्हणायचं कील ओव्हर. सर आधी चष्मा काढायचे, घडी करून टेबलावर ठेवायचे, गोणपाट अंथरायचे — आणि धाडकन पडायचे. त्या शब्दाचं बरोबर वाक्य कुणी करेपर्यंत उठायचे नाहीत. वाक्य चुकलं, की पडल्यापडल्याच नकारार्थी मान हलवायचे. हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. लई जीव होता त्यांचा आमच्यावर, आणि आमचाही त्यांच्यावर.

पहिल्यांदा ते असे पडले तेव्हा मी किंचाळले होते. रडलेही. मग काय — महिनाभर सगळ्या वर्गानं मला 'रडूबाई' म्हणूनच हाक मारली.

नववीत, उजळणीच्या तासाला, सरांनी फळ्यावर तोच शब्द लिहिला. वळले आणि पडले. गोणपाट नव्हतं. चष्मा डोळ्यांवरच होता, एक काच तडकलेली. मी पहिल्या बाकावर. बाकीच्यांना दिसलं नसेल — मला दिसलं.

पोरं वाक्यं करायला लागली. सर उठेनात. म्हणजे चुकलं वाटतं, असं म्हणून पुढचा उभा राहायचा. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले — इंग्रजीत हुशार ना मी! मी उठले, वाक्य केलं. बरोबर होतं ते, शंकाच नको. सर उठले नाहीत. मानही हलली नाही. तेव्हा तरी ओरडायला हवं होतं की नाही मी? मी खाली बसले. पुन्हा रडूबाई म्हणतील — एवढंच मनात होतं. एवढंच, बघा. तास संपायची घंटा होईपर्यंत मी बसून राहिले.

घंटा झाली तशी पळत मुख्याध्यापकांकडे गेले. सगळ्यांच्या आधी मी गेले, म्हणून कौतुकही माझंच झालं! दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायूचा झटका आहे, थोडं आधी आणलं असतं तर डावा हात वाचला असता.

आता मीही इंग्रजीच शिकवते, पारनेरला. तो शब्द आला की पान उलटते. सुट्टीत काष्टीला गेले की सरांच्या घरी जाते, त्यांना आवडतात म्हणून गरम भजी घेऊन. सर आधी चष्मा माझ्या हातात देतात — एका हाताने काचा धड पुसता येत नाहीत त्यांना. मी ओढणीने पुसते, हळूच त्यांच्या कानांवर बसवते. आणि सर आल्यागेल्याला सांगतात, "ही पोरगी नसती ना, तर मी कवाच गेलो असतो. हिनंच वाचवलं मला." किती मायेनं बघतात तेव्हा माझ्याकडे!

त्या दिवशी वर्गात बसले होते, तशीच बसते.

नाही वाचवलं मी तुम्हाला, सर. चष्मा डोळ्यांवर होता. मी तो पाहिला होता — वाक्य करायला उठले, त्याच्याही आधी.