दोन पॉइंट दहा

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी संगणक विभाग सांभाळायचो. कामं वहीत लिहायची, झाली की टिक करायची, ही माझी पद्धत. क्लासचे मालक स्वतः गणित शिकवायचे. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

बॅच ठरवायची परीक्षा जवळ आली होती. गुण मोजायला आम्ही एक तयार पॅकेज वापरायचो. त्याच्या २.९ आवृत्तीत दोष होता: सोडून दिलेल्या प्रश्नालाही ती एक गुण कापायची. २.१० मध्ये तो दुरुस्त झाला. म्हणून कोणती आवृत्ती बसवायची, त्याची अट मी सर्व्हरच्या फाइलमध्ये लिहिली: २.१० किंवा पुढची, पण ३ च्या आतली. तिसरीत सगळंच बदललं होतं, ते परीक्षेच्या तोंडावर नको.

मालकांनी ती ओळ पाहिली.

"जुनं कशाला टाकलं हो? २.९ निघालंय की."

"सर, २.१० नवं. नऊनंतर दहा."

"मला शिकवता? दोन पॉइंट दहा म्हणजे दोन पॉइंट एक. पाचवीच्या पोराला कळतं!"

"हा दशांश नाही, सर. टिंबाच्या दोन्हीकडचे आकडे वेगवेगळे मोजायचे."

"लई हुशार तुम्ही. मग इथं काय करून राहिलात?"

मी जेवायला गेलो, तेवढ्यात त्यांनी ऑपरेटरकडून ती ओळ बदलून २.९ बसवून घेतलं. मला कुणी सांगितलं नाही.

यादी लागली. मुखेडची एक मुलगी थेट तिसऱ्या बॅचमध्ये. तिचे वडील तिला सोबत घेऊन, उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी हातात धरून आले. "पोरगी म्हणती मार्क चुकलेत. बघा की जरा." मी हातानं मोजले. पहिली बॅच. मग फाइल उघडली आणि माझं डोकं फिरलं.

सगळ्यांचेच गुण पुन्हा मोजावे लागतील, असं मी मालकांना तिथंच सांगितलं.

"मशीन चुकत नसतं," ते वडिलांना म्हणाले. "पोरगीच कमी पडली."

वडिलांनी कॉपीची घडी घातली. "चल गं."

आणखी पालक कॉप्या घेऊन भांडायला आले, तेव्हा चौथ्या दिवशी मालक नमले. सुधारित यादीत ती पहिल्या बॅचमध्ये होती. मी फोन केला.

"नांदेडला टाकलं तिला," वडील म्हणाले. "तिथंबी पहिली बॅच मिळाली न्हाई. पण पोरीला कुणी खोटं तरी पाडलं न्हाई."

मी हे मालकांना शब्दन् शब्द ऐकवलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "वेटिंगमधला एक वर घ्या."