स्टेशनमागच्या दोन खोल्यांचं ताबेगहाण

दुष्काळ सरला त्या साली परभणीत स्टेशनमागच्या दोन पत्र्याच्या खोल्या स्वस्तात निघाल्या. मालक गाव सोडून चालला होता. माझा नवरा सरकारी कचेरीत शिपाई, राहायला सरकारी खोली. त्याला छातीचा रोग होता. तो मेला की खोली सोडावी लागणार आणि मी उघड्यावर येणार, हे मला दिसत होतं. म्हणून भाड्यानं द्यायला त्या दोन खोल्या घ्याच, असा हट्ट मी धरला. निम्मे पैसे माझ्या पाटल्या मोडून आले. बाकीचे एका कापड दुकानदाराकडून, त्याच खोल्या गहाण ठेवून.

कोर्टासमोर बसणाऱ्या अर्जनवीसानं विचारलं, "नजरगहाण लिवू का ताबेगहाण?"

नजरगहाणात खोल्या आमच्याकडं, भाडं आमचं, दुकानदाराला दर महिन्याला व्याज. ताबेगहाणात व्याज नाही. पण मुद्दल फिटेपर्यंत खोल्या त्याच्याकडं आणि भाडंही त्याचंच.

"नजरगहाण लिवा," मी म्हणाले.

"अन् व्याज थकलं की त्यो दारात येऊन बोंबलंल," नवरा म्हणाला. "कचेरीतले समदे बघतील. ताबेच बरं."

"अवो, भाडं त्यो खाणार, मग तुमच्यामागं मी काय खाऊ? पत्रे?"

अर्जनवीस हसला. "मामा, बाई बराबर बोलायल्यात."

"तुमाला इचारलं का?" नवरा म्हणाला आणि त्यानं सही ठोकली.

त्याची अब्रू वाचली. पुढच्याच हिवाळ्यात तो गेला. होतं नव्हतं ते औषधात गेलेलं, मुद्दल कुठून फेडणार? कचेरीनं खोली सोडायला सांगितलं, तेव्हा मी दुकानात गेले.

दुकानदारानं चहा मागवला. "वहिनी, एक खोली रिकामी व्हायलीय. ऱ्हावा तुमी. भाडं मात्र दुसऱ्यापरमानंच."

दुसरीकडं कोण ठेवणार होतं? राहिले. चार घरी भाकऱ्या थापून माझ्याच खोलीचं भाडं त्याला देत गेले. त्यातला पैसाही मुद्दलात धरला जात नव्हता.

पावसाळ्यात पत्रा गळू लागला. मी त्याला सांगायला गेले.

"कागदावर मालक तुमी हाव," तो म्हणाला. "दुरुस्ती मालकाकडं."

गादीवर बसलेली गिऱ्हाइकं हसली. मी डांबर विकत आणलं, शिडी मागून आणली आणि वर चढले. दोन्ही खोल्यांचे पत्रे सलग होते. त्यामुळं शेजारच्या भाडेकरूच्या भोकांनाही मीच डांबर लावलं.