रिव्हॉल्व्हरची आठ घरं

नवरा गेला त्यानंतर दोन वर्षांनी त्याचं रिव्हॉल्व्हर माझ्या ताब्यात आलं. तोवर ते पोलीस ठाण्याच्या कपाटात होतं. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला आणि हवालदारांनी ते कापडात गुंडाळून, जसं जमा झालं होतं तसंच, हातात दिलं. सोबत कागदाच्या पुडीत आठ काडतुसं. त्यातल्या तीन काडतुसांच्या कडेवर रिव्हॉल्व्हरचा घोडा आपटल्याचा ठसा होता. त्याने तीनदा चाप ओढला आणि एकही गोळी उडाली नाही. उसातून रानडुक्कर त्याच्या अंगावर आलं होतं. हवेत एक बार काढला असता तर पळालं असतं.

बांधावरच्या शेजाऱ्याने तिन्ही आवाज ऐकले होते. "वैनी, नुसतं टक, टक, टक," तो म्हणाला होता. त्या दिवसापासून मी गॅसचा लायटर वापरत नाही, काडेपेटी वापरते.

काडतुसं मी घ्यायला लावली होती. पॉइंट बावीसची नेहमीची जात सांगलीच्या दुकानात संपली होती. दुकानदाराने दुसरी दाखवली आणि म्हणाला, "याची कड जरा जाड असते, काही हत्यारांना चालत नाही." नवरा थांबू म्हणत होता. मी म्हटलं, "घ्या की आता. ऊसतोड तोंडावर आलीय, परत सांगलीला कोण येणार?" दसऱ्याच्या सकाळी डुकरं शिरल्याचा निरोप आला तेव्हा त्याने देवापुढचं हत्यार उचललं आणि अंगठ्याने दाबून एकेक काडतूस बसवलं. "घट्ट जातायत गं." मी म्हटलं, "नवीन आहेत म्हणून."

दुकानातलं त्याने घरी सांगितलं होतं आणि हे सासूबाईंनी स्वतः ऐकलं होतं. "हिच्या काडतुसांनी माझं पोर नेलं," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मलाही तसंच वाटत होतं. पण वाटणं वेगळं आणि ठाऊक असणं वेगळं. मला ठाऊक करून घ्यायचं होतं. म्हणून मी साताऱ्याची बस धरली. तिथे हत्यारं दुरुस्त करणारा एक जुना मिस्त्री आहे, फौजेत आर्मररचं काम केलेला.

त्याला मी सगळं सरळ सांगितलं. त्याने मान हलवली आणि आधी काडतुसं घेतली. या जातीत पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, कड जाड असली तर घोड्याचा मार कमी पडतो, असं सांगत त्याने मापाने प्रत्येक कड मोजली.

"वैनी, माप बरोबर हाय."

"मग मसाला खराब असेल."

"बघू की."

ठसा उमटलेली तीन काडतुसं त्याने, मार कडेवर नव्या जागी बसावा म्हणून थोडी फिरवून, स्वतःकडच्या दुसऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातली आणि मागच्या वाळूच्या पेटीत झाडली. तिन्ही उडाली. माझे कान बधिर झाले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तो आता आमचं रिव्हॉल्व्हर उघडत होता.

त्याने त्यात स्वतःकडचं नवीन काडतूस सोडलं. ते केसभर वर राहिलं. दुसरं, तिसरं, तसंच. "बूड टेकत न्हाई. घोडा पडला की काडतूस फकस्त फुडं सरकतंय, सगळा मार त्यात जातोय. आत काय तरी हाय." तारेच्या ब्रशला रॉकेल लावून त्याने चक्रातलं, काडतूस बसायचं पहिलं घर घासलं आणि पांढऱ्या चिंधीवर झटकलं.

चिंधीवर तांबडं-पिवळं चिकट काहीतरी पडलं. वाळलेलं तेल, हळद, कुंकू.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, खुरपी, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा होते. त्या वर्षी सासूबाईंनी रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडायला लावलं आणि आठही घरांना बोटाने तेलात कालवलेलं हळदकुंकू भरलं, एकेक करून, लेकाला जपावं म्हणून. तबक मी धरलं होतं. नवरा दरवर्षी संध्याकाळी हत्यार पुसायचा. त्या संध्याकाळी गावात सोनं लुटायची तयारी चालली होती, राहून गेलं.

"हे कसलं वो?" मिस्त्रीने विचारलं.

"घरातलंच आहे," मी म्हटलं.

त्याने आठही घरं साफ केली आणि त्याच पुडीतली उरलेली पाच काडतुसं झाडली. पाचही उडाली. मी रिव्हॉल्व्हर घरी आणलं नाही. परवानाधारक दुकानात जमा केलं आणि पावती घेऊन परतले.

सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. "काय म्हनला मिस्त्री?"

दोन वर्षं ऐकलेलं सगळं मला एका वाक्यात परत करता आलं असतं. वाक्य तयारही होतं.

"काडतुसंच खराब होती, आत्या."

मनात म्हटलं, आता सुरू होईल.

"नक्की काडतुसंच न्हवं? त्येनं आत बघितलं का?"

"बघितलं."

"आत काय न्हवतं?"

"न्हवतं."

त्यांनी उजव्या हाताचं बोट पदराला पुसलं. ते कोरडंच होतं. त्यानंतर त्यांनी मला कधी बोल लावला नाही. सकाळी माझ्या आधी उठून माझा चहा झाकून ठेवतात. मी तो पिते, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळतो.