बाबांनी मान हलवली

मी माझ्या वारलेल्या वडिलांना एकदा खोटं बोलायला लावलं आहे.

झालं असं, की आई शेलारला एकटी राहते आणि मी काल्हेरला. पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली (मला ही बातमी आठ दिवसांनी, तीही शेजारणीकडून!). तेव्हापासून 'माझ्याकडे राहायला ये' हा माझा धोशा आणि 'ह्यांना विचारल्याबिगर कशी येऊ?' हे तिचं ठरलेलं उत्तर. 'हे' म्हणजे बाबा. जाऊन तीन वर्षं झाली. आई रोज त्यांच्या फोटोशी बोलते. फोटो काही बोलत नाही, त्यामुळे आमचा प्रश्न लोंबकळत पडलेला. मला मात्र रोज धास्ती, की ही पुन्हा पडली तर उचलायला कोण?

मग मला अक्कल सुचली! फोटोतल्या माणसाला हलवणारं एक अ‍ॅप मिळालं. मी कामाला आहे त्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोटो त्यात घातला. दोन मिनिटांत बाबा हसले आणि त्यांनी दोनदा खाली-वर मान हलवली. मला पुढे डबा जाईना. पण लबाडी करायची म्हणजे करायचीच. रविवारी तो व्हिडिओ आईच्या फोनमध्ये टाकला आणि म्हटलं, विचार आता.

आईने आधी डोक्यावर पदर घेतला. मग फोन दोन्ही हातांत धरून विचारलं, "पोराकडं जाऊ का राहायला?"

बाबांनी मान हलवली. मी तिची पिशवी भरायला उठलोच!

"बस खाली," आई म्हणाली. "न्हाय म्हणतात."

"अगं, मान बघ की!"

"चाळीस वर्सं बघितली ती मान. घराला रंग लावू का विचारलं, की अशीच हलवायचे. लागला कधी रंग?"

खरंच होतं. बाबांची ती मान म्हणजे 'ऐकलं, आता विषय बंद.' अ‍ॅपला हे कुठून ठाऊक असणार? (मला असायला हवं होतं. माझ्या बायकोला मी हीच मान दाखवतो.) शेवटी कबूल केलं, की हे मी बनवलंय.

"ठाऊक हाय. ह्यांचे पुढचे दोन दात कधीच पडलेले. इथं सगळी बत्तिशी दिसते."

"मग नाही म्हणतात म्हणून का सांगितलंस?"

"तू विचार म्हणालास, मी विचारलं." मग फोन पदराने पुसत म्हणाली, "पण काढू नको. फोटोत हसताना ह्यांना कधी बघितलंच न्हाय."

मी व्हिडिओ तसाच राहू दिला.

आता शनिवारी ड्युटी संपली, की मीच शेलारला मुक्कामाला जातो. आई ताटं वाढते, फोन तांब्याला टेकवून बाबांना सुरू करते. परवा मला म्हणाली, "जरा सरक, ह्यांना मी दिसत न्हाय."

आणि मी सरकलो! वर "सॉरी, बाबा" असंही म्हणालो.