सणाच्या आठवड्यातला फळा

रिटायर झालो तेव्हा भिलाईतलं सेक्टर दोनचं क्वार्टर सोडलं आणि जवळच्या मरोदा वस्तीत दोन खोल्या बांधल्या. पोलादाच्या प्लांटमध्ये माझं काम भट्टीवरचं, पण अक्षर बरं, त्यामुळे खात्याचा फळाही माझ्याच गळ्यात होता. इथंही तेच झालं. विहाराच्या समितीनं पाण्याच्या टाकीजवळ सिमेंटचा फळा बांधला आणि त्याच आठवड्यात खडूचा डबा माझ्या घरी आला. मी नको-नको म्हणत होतो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी त्या डब्याची वाटच पाहत होतो.

दर गुरुवारी निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, वॉर्ड कचेरीतला चपराशी सायकलवर यायचा आणि एक कागद देऊन जायचा. पाणी कोणत्या वेळेला, टॅक्सचं शिबिर कुठे, डासांचा धूर कोणत्या गल्लीत, असलं सगळं त्यात असे. मी ते वर हिंदीत आणि खाली मराठीत उतरवायचो. सणांचे कार्यक्रमही फळ्यावरच. गणपती कोणत्या तळ्यावर जाणार, छठला घाट कोण साफ करणार, बुद्ध जयंतीची खीर किती वाजता. भिलाईत माणसं सगळ्या मुलखांतली, त्यामुळे सणांना तोटा नाही आणि खडूला विश्रांती नाही.

मराठी वाचणारे मात्र कमी होत गेले. माझी नात एकदा म्हणाली, "आबा, नीचेवाला कौन पढ़ता है?"

"शिलाईवाली बाई वाचते," मी म्हणालो.

ते खरं होतं. ही बाई भंडाऱ्याकडची. नवरा प्लांटमध्ये ठेक्यावर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. नालीच्या काठाला विटांवर फळ्या ठोकून तिनं टपरी उभी केली होती, आत एक पायाचं मशीन. मोबाइल बटणाचा, त्यावर फोन सोडून काही येत नसे. रोज सकाळी टपरी उघडायला जाताना ती फळ्यापुढे थांबायची, पिशवी खाली ठेवायची आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचायची. आधी हिंदी, मग तेच मराठीत. ओठ हलत असायचे. मी म्हणायचो, "बाई, दोन्हीकडे एकच लिहिलं आहे."

"असू द्या न भाऊ. तुमी दोनदा लिवता, तं मी दोनदा वाचतो. तुमच्या फळ्यावर जे नाई, ते भिलाईत झालंच नाई."

ती हे थट्टेनं म्हणायची, आणि मी वरवर हसून आतून फुगायचो. दर वर्षी ती कापडाच्या चिंध्यांचं एक जाड डस्टर शिवून द्यायची. दुकानातलं डस्टर त्याच्यापुढे काहीच नाही.

आता फळ्याचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. सुरुवातीच्या एका वर्षी मी ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लिहिलं की उद्या-परवा पाणी येणार नाही. बातमी खरी होती. पण गल्लीतल्या बाया अशा चालून आल्या, जणू नळ मीच बंद करून किल्ली कमरेला लावली होती. एकीनं तर ओल्या हातानं फळा पुसून टाकला. त्यानंतर समितीनं ठरवलं की सणाच्या आठवड्यात वाईट बातमी लिहायची नाही. सण झाला की लिहा, तोवर लोकांना खाऊ द्या सुखानं. मलाही ते पटलं. दुखणं थोडं उशिरा कळलं म्हणून काय वाढतं, असं मी त्या बैठकीत बोललोही होतो.

दसरा आठ दिवसांवर होता. आमच्याकडे दसऱ्याचा अर्थ नागपूर. दुर्गहून गाडी धरायची, पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायचं. त्या दिवसांत बाईच्या टपरीत नुसतं पांढरं कापड. ब्लाउज, सदरे, लहान पोरींचे झगे. निम्म्या वस्तीचे पांढरे कपडे तिच्याच मशीनखालून निघत.

त्या गुरुवारी चपराशानं दिलेल्या कागदावर होतं की नालीकाठचा रस्ता रुंद होणार, काठावरच्या टपऱ्या मालकांनी स्वतः काढून घ्याव्यात, नाहीतर त्या हटवल्या जातील. तारीख दिली नव्हती, 'शीघ्र' एवढाच शब्द होता.

मी कागद वाचला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. नियम होताच. शिवाय मी मनाशी म्हणालो, 'शीघ्र' म्हणजे काय उद्या? पुढे सुट्याच सुट्या. नवमी, दसरा, मग रविवार. बाबू लोक सुटीत पंख्याखालून हलत नाहीत. हे कोण म्हणत होतं, तर ज्यानं चाळीस वर्षांत एक दसरा धड घरी काढला नाही तो माणूस. भट्टी सणासाठी थांबत नसते. आमच्या घरी पुरणपोळी सुद्धा माझ्या ऑफच्या दिवशी व्हायची. सुटीच्या दिवशी कामं होतात हे मला नाही कळायचं तर कुणाला कळायचं? पण आयुष्यभर ज्यांच्या सुट्यांवर मी जळलो, त्यांच्या सुट्यांवर माझा भलताच विश्वास होता.

आणखी एक कारण आहे. ते कारण मी बायकोलाही सांगितलेलं नाही. फळा त्या दिवशी फार सुंदर दिसत होता. मी तीन रंगांचे खडू वापरून दसऱ्याच्या शुभेच्छा काढल्या होत्या, कडेनं पिंपळाची पानं. समितीच्या पोरांनी त्याचा फोटो काढून मोबाइलच्या ग्रुपवर टाकला होता. टपऱ्यांची सूचना लिहायची तर निम्मी पानं पुसावी लागली असती. माझ्या जिवावर आलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "पांढरा सदरा शिवाचा हाय न? मग मापाले एक द्या, मी बाईकडे टाकून येतो." मी अंगातलाच काढून दिला.

त्या आठवड्यात बाई रोज फळा वाचत होती. एकदा पानं पाहून म्हणाली, "मस्त झाली जी, भाऊ. खरीच वाटून राहिली." मी तिला ही एक गोष्ट तोंडी सांगू शकलो असतो. चार शब्दांचं काम होतं. पण ती घाईत होती, मीही म्हटलं दसरा होऊ दे, नाहीतर हिचे हात थांबायचे आणि लोकांचे कपडे राहायचे. आपल्याला जे करायचं नसतं त्याला कारणं किती चटकन सापडतात. सूचनेचा एक कागद विजेच्या खांबावरही चिकटवला होता म्हणे. त्यावर कुणाच्या तरी सणाच्या शुभेच्छांचं मोठं पोस्टर बांधलं गेलं. ग्रुपवरही आला होता, शुभेच्छांच्या ढिगात. शेजारच्या पानवाल्यानं तो वाचला आणि आपली चाकांवरची टपरी गुपचूप ओढून नेली. बाईला वाटलं, तो सणाला गावाला गेला.

नवमीच्या सकाळी मी फळ्यावर नागपूरच्या गाडीची वेळ लिहीत होतो. मागून जेसीबीचं पिवळं मशीन गेलं, त्यामागे एक ट्रक. मी वळून पाहिलं आणि हातातला खडू तसाच राहिला. मशीन नालीच्या बाजूला वळलं.

मी पळालो म्हणतो, पण सत्तरीतलं पळणं ते. पोचलो तेव्हा वस्तीतले दोघं-तिघं टपरीचं कुलूप तोडून हाताला येतील ते कपडे बाहेर ओढत होते. बाईला बोलवायला कुणीतरी गेलं होतं. ती घरी तुरपाई करत बसली होती. मशीनवाला वाईट माणूस नव्हता. त्यानं दहा मिनिटं दिली, बिडी ओढली, घड्याळ पाहिलं. मी त्याला म्हणालो, "आज छुट्टी है भाई, आज कैसे?"

"छुट्टी में रोड खाली रहता है, अंकल," तो म्हणाला. "काम जल्दी निपटता है."

ती आली तेव्हा छप्पर खाली बसलं होतं. शिलाईचं मशीन आतच राहिलं. फळ्या उचलल्या तर त्याचं चाक दुभंगलेलं. उरलेले पांढरे कपडे नालीत गेले होते. बाईनं पदर खोचला. ती नालीत उतरली आणि एक-एक कपडा वर द्यायला लागली. काठावरून आम्ही घेत गेलो. प्रत्येक कपडा देताना ती तो कुणाचा आहे ते सांगत होती.

त्या वर्षी आमच्यातले बरेच जण नागपूरला जुन्याच, पिवळट झालेल्या कपड्यांत गेले. बाई गेलीच नाही. मी गेलो. तिथं त्या एवढ्या गर्दीत हात जोडून उभा होतो आणि डोक्यात एकच गोष्ट, की तो कागद कुठे गेला असेल. परतल्यावर घरभर शोधला. कपाट, गादीखाली, रद्दी. बायको म्हणाली, "काय शोधून राहिले तुमी?" मी म्हणालो, "पेन्शनचा एक कागद." सापडला की फाडून चुलीत घालायचा, एवढाच हेतू होता. लाज वाटते, पण तेवढाच होता.

तिसऱ्या दिवशी बाई फळ्यापाशी आली. हात रिकामे. टपरीच नाही तर पिशवी कशाला.

"भाऊ, कचेरीतून कागद आलता म्हणतेत. तुमाले मालूम होतं का?"

मी म्हणालो, "नाही बाई." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटं एकटं उभं राहत नाही, त्याला टेकू लागतो. मी पुढे म्हणालो, "माझ्यापाशी आला असता तर मी लिहिला नसता का?"

"हो," ती म्हणाली, "तुमी लिवला असता."

त्याच आठवड्यात विहारात बैठक झाली. एक जण म्हणाला, फळा कशासाठी बांधला मग? बाई मागे बसली होती. ती उठून म्हणाली, "भाऊले कावून बोलता? त्याईले मालूम असतं तं त्याईनं लिवलं नसतं का?" मी मान खाली घालून चटईचे धागे मोजत बसलो. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणखी चार दिवसांनी, संध्याकाळी, ती माझ्या दारात आली. हातात दोन सदरे. एक नवा, पांढरा. नालीत गेलेला धुऊन निघाला नव्हता, म्हणून तिनं दुसरं कापड घेऊन, कुणाच्या तरी मशीनवर पुन्हा शिवला होता. दुसरा माझा जुना, मापाला दिलेला. तोही धुतलेला, इस्त्री केलेला.

मी म्हणालो, "बाई, कशाला त्रास घेतला?"

"कबूल केलं होतं न." मग म्हणाली, "उद्या सकाळी बोरसीले चालली मी. भाचीकडे. तिच्याघरी मशीन हाय, आता तिकडंच राहीन."

मी तिला आत बोलावलं. ती आली नाही.

ती गेल्यावर मी जुना सदरा खुंटीला टांगत होतो. खिशात काहीतरी कडक लागलं. काढून पाहिलं तर तो कागद. माझ्याच घडीचा. सदरा धुतलेला होता, कागद कोरडा होता. म्हणजे तिनं तो काढला होता, वाचला होता आणि पुन्हा जिथला तिथं ठेवला होता.

मी खाटेवर बसलो. तो कागद आठ दिवस तिच्याच टपरीत, तिच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला होता. कापड कापायच्या घाईत तिनं मापाच्या सदऱ्याचे खिसे तपासले नव्हते. फळ्यापुढे तिनं मला विचारलं तेव्हा तो तिच्या हाती लागला होता की नव्हता, हे मला माहीत नाही. विहारात माझ्या बाजूनं बोलली तेव्हा? तेही माहीत नाही. लागला नसेल असं मी स्वतःला सांगून पाहतो. तसं सांगून झोप येत नाही.

तिनं मला लाजवलं नाही, चार लोकांत उघडं पाडलं नाही. फक्त माझी वस्तू मला परत केली. आणि सकाळी जाणार म्हणून सांगून गेली.

सकाळी मी कागद आणि खडू घेऊन निघालो. काय लिहायचं ते ठरवलं होतं. ही सूचना माझ्याकडे आली होती, मी ती लिहिली नाही. दोनच वाक्यं, आणि या वेळी आधी मराठीत. मी तिच्या डस्टरनं फळा पुसला, पिंपळाची पानंही पुसली. लख्ख काळा फळा समोर. समितीचे दोघं टाकीवर दात घासत उभे होते, एक म्हणाला, "काका, आज क्या न्यूज़ है?"

मी लिहिलं: उद्या पाणी सकाळी सहा ते सात. वर हिंदीत, खाली मराठीत.

बाई आली तेव्हा मी अजून तिथंच होतो. तिच्याजवळ गाठोडं होतं आणि शिलाईची ती जुनी पिशवी. तिनं दोन्ही खाली ठेवलं आणि नेहमीसारखी फळ्यापुढे उभी राहिली. वरची ओळ वाचली, मग खालची. ओठ हलत होते. वाचून झाल्यावरही ती लगेच निघाली नाही, खालच्या रिकाम्या जागेकडे पाहत थांबली. मग तिनं गाठोडं उचललं, पिशवी उचलली आणि ऑटोच्या दिशेनं चालायला लागली.