शिडं गुंडाळलेलं जहाज

जहाज बघताक्षणी मी विचारलं, "शिडं कुठायत?"

लाबुआन बाजोच्या धक्क्यावर आम्ही उभे होतो. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या टोकाला असलेलं हे लहानसं बंदर. नाशिकहून निघून दीड दिवस झाला होता. कसारा घाट उतरून मुंबई, तिथून बाली, बालीहून पंख्यांचं छोटं विमान. माझे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. समोर दोन उंच डोलकाठ्यांचं लाकडी जहाज डुलत होतं. त्याला तिकडे पिनिसी म्हणतात. चित्रात पाहिलेली पांढरीशुभ्र शिडं मात्र दोरीने करकचून बांधलेली होती, लग्नघरात गाद्या बांधून ठेवतात तशी.

"निघताना उघडतील," मधुकर म्हणाले.

मधुकर म्हणजे माझे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथ मशीनसमोर उभे राहिलेले. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने एकच घेतलं, की ज्याला इंजिन नाही अशा वाहनातून एकदा प्रवास करायचा. नुसता वारा आणि पाणी. मी पेठ तालुक्यातल्या शाळांत शिकवलं, आणि वर्षानुवर्षं एसटीने घाट चढले-उतरले. मला आता हलणाऱ्या कुठल्याच वस्तूत बसायचं नव्हतं. एक खोली, एक पलंग आणि कुणीतरी हातात आणून दिलेला चहा, एवढीच माझी सुट्टीची कल्पना. ती मी त्यांना दोनदा सांगितली होती. तरी एका सकाळी पोहे खाता खाता ते म्हणाले, "बुकिंग करून टाकलंय." मी माझी बशी अर्धीच उचलून ओट्यावर ठेवली.

निघताना शिडं उघडली नाहीत. आमच्या केबिनच्या बरोबर खाली इंजिन धडधडायला लागलं आणि पाण्याच्या बाटलीपासून माझ्या कवळीपर्यंत सगळं थरथरायला लागलं. मधुकर डोळे मिटून ऐकत बसले.

"सहा सिलिंडर आहेत," ते म्हणाले. "एक नीट चालत नाहीये."

कप्तानाचं नाव पाक हसन. (पाक म्हणजे आपल्याकडचं 'राव'.) साठीचा, बारीक, कायम हसतमुख माणूस. मधुकरांनी त्यांना मोडक्या इंग्रजीत आणि भरपूर हातवाऱ्यांत शिडांबद्दल विचारलं. पाक हसननी आकाशाकडे पाहिलं, बोट ओलं करून वाऱ्यात धरलं आणि म्हणाले, "बेसोक."

बेसोक म्हणजे उद्या. हा शब्द आम्ही पुढच्या तीन दिवसांत इतक्यांदा ऐकला की मला तो झोपेतही ऐकू यायला लागला. केबिनचा पंखा चालत नव्हता, बेसोक. न्हाणीघरात गोडं पाणी येत नव्हतं, बेसोक. आमच्यासोबत हॉलंडचं एक तरुण जोडपं होतं. ती दोघं कशाचीच तक्रार करायची नाहीत, दिवसभर पाण्यात असायची आणि जेवायला वर यायची. त्यांच्याकडे पाहून मला जास्तच चिडचिड व्हायची.

खाण्याचे हाल वेगळेच. मी मांसमच्छी खात नाही, हे मी चढल्याबरोबर स्वयंपाकीणबाईंना सांगितलं. त्यांचं नाव इबू मार्नी. (इबू म्हणजे आई, किंवा आदराने 'बाई'.) त्यांनी मान डोलावली आणि माझ्यापुढे वाफाळता भात, वाफवलेली भाजी आणि लालभडक चटणी ठेवली. चटणी अशी चविष्ट की मी दोनदा मागून घेतली. संध्याकाळी कळलं की ती वाळवलेल्या कोळंबीशिवाय होतच नाही. मी कठड्याला धरून अर्धा तास उभी राहिले. मधुकर पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं, कळलं नव्हतं तोवर आवडली होती ना?"

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली. इबू मार्नींनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मोठे केले आणि स्वयंपाकघरातून आपल्या दाण्याच्या वाटणाची वाटी घेऊन आल्या. त्यात लसणीऐवजी गूळ आणि लिंबाची पानं होती. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून एकमेकींचं चाखत होतो. भाषेचा एक शब्द जुळत नव्हता, पण 'मीठ कमी आहे' हे दोघींनी एकाच खुणेनं सांगितलं. सगळ्या प्रवासात मला निखळ बरं वाटलं ते तेवढंच.

बेटं सुंदर होती, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. झाडं कमी, सोनेरी गवताच्या टेकड्या जास्त. चैत्रात हरसूलकडचे डोंगर दिसतात तशाच, फक्त पायथ्याशी निळंहिरवं पाणी. एका बेटावर वाळू खरोखर गुलाबी होती. दुसऱ्यावर ते प्रसिद्ध महाकाय सरडे. पुढे दुबेळकी काठी घेतलेला रखवालदार आणि मागे आम्ही. त्यातला एक वाटेलगतच होता, मला तर ती दहा फुटी घोरपडच वाटली. ती झाडाखाली पोट टेकून पडली होती आणि जिवणीतून लाळ गळत होती. "जवळ जाऊन उभी राहा, फोटो काढतो," असं म्हणणाऱ्या नवऱ्याकडे मी ज्या नजरेने पाहिलं, ती बघून रखवालदारच हसला.

चौथ्या संध्याकाळी मधुकरांचा संयम संपला. त्यांनी पाक हसनना डोलकाठीपाशी नेलं आणि गाठींवर बोट ठेवून उभे राहिले. पाक हसनचं हसू पहिल्यांदाच मावळलं. ते हळू आवाजात म्हणाले, "जुनं कापड. वरून फाटलंय. बंदरात फोटोपुरतं उघडतो. वाऱ्यात नाही."

मधुकर केबिनमध्ये येऊन बसले. तेव्हा मी गप्प राहायला हवं होतं. पण चार दिवसांचं सगळं माझ्या जिभेवर आलं.

"सगळं तुम्ही एकट्याने ठरवायचं," मी म्हणाले, "आणि मनासारखं झालं नाही की दोघांची सुट्टी नासवायची. शीडच बघायचं होतं तर गंगापूर धरणावर छत्री उघडून बसायचं होतं."

"तू तर घरापासूनच तोंड पाडून निघालीस," ते म्हणाले. "तुला हे आवडू नये, असंच तुला वाटत होतं."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. आम्ही एकमेकांकडे पाठ करून झोपलो.

सकाळी ते उठून कपडे करत होते, तेव्हाही मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. "पोहायला जातोय," ते म्हणाले. मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. नाशिकला पालिकेच्या तलावात ते रोज सकाळी पोहतात, त्यामुळे लाइफ जॅकेट घालणं त्यांना कमीपणाचं वाटे.

मी चहा घेऊन वर आले तेव्हा जहाजाच्या आसपास पाणी मोकळं होतं. वाटलं, पलीकडच्या बाजूला असतील. पलीकडेही नव्हते. मग दूर, दोन बेटांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत, पाण्याच्या पृष्ठभागावर एक ठिपका दिसला. तो आमच्यापासून लांब जात होता, आणि पोहणारा माणूस जाईल त्यापेक्षा कितीतरी वेगाने जात होता.

मी किंचाळले. पाक हसन धावत आले, त्यांनी पाहिलं आणि "आरुस!" एवढंच म्हणाले. आरुस म्हणजे प्रवाह. या बेटांच्या मधून भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. छोटी होडी हॉलंडच्या जोडप्याला घेऊन बेटाच्या मागे गेली होती. मोठ्या जहाजाचा नांगर खडकात अडकला होता, दोन खलाशी तो सोडवायला खटपट करत होते. पाक हसन वायरलेसवर आजूबाजूच्या बोटींना हाका मारत होते. मध्येच त्यांनी वळून मला विचारलं, "शर्ट? कुठला रंग?"

मला सांगता आलं नाही. छत्तीस वर्षं ज्यांच्या शर्टांची बटणं लावली, त्यांनी त्या सकाळी काय घातलंय हे मला माहीत नव्हतं. मी "पांढरा" म्हणाले, मग "निळा" म्हणाले, मग रडायला लागले. इबू मार्नींनी मला खाली बसवलं आणि माझी दोन्ही मनगटं धरून ठेवली.

ठिपका दिसेनासा झाला.

पाऊण तास गेला. नांगर सुटला, इंजिन सुरू झालं, जहाज वळलं. तेवढ्यात टोकामागून एक बारीकशी मासेमारी होडी बाहेर आली. दोन्ही बाजूंना बांबू बांधलेले, आणि मध्ये वाशावर ताणलेली निळी ताडपत्री, आपल्याकडे कांद्याच्या चाळीवर टाकतात तसली. त्या ताडपत्रीत वारा भरला होता आणि होडी सरळ आमच्याकडे येत होती. तिच्यात एक म्हातारा सुकाणू धरून बसला होता. त्याच्या पायांशी, जाळ्याच्या ढिगावर, मधुकर होते. शर्ट मरून रंगाचा होता.

त्यांना वर घेतलं. ओठ निळे पडले होते, गुडघे खडकाने सोलले होते. मला पाहून ते म्हणाले, "अगं, आवाज नाही. अजिबात आवाज नाही होत."

मी त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर, दंडावर चापट मारली. मग दुसरी मारली. म्हातारा कोळी तोंडावर हात ठेवून हसत होता. इबू मार्नींनी त्याला भाताचा डबा दिला. मी माझी उरलेली सगळी चटणी दिली. "तरिमा कासी," म्हणजे धन्यवाद, हा शब्द मी पाच-सहा वेळा म्हटला. तो मान हलवून परत ताडपत्रीखाली जाऊन बसला आणि निघून गेला.

उरलेले दोन दिवस मधुकर डेकवर चादर पांघरून पडून होते. पंखा सुरू झाला नाही. मी त्याबद्दल कुणाला विचारलं नाही.

परतीला मुंबईहून गाडी केली. इगतपुरी मागे पडेपर्यंत आम्ही एसी कमी करायचा की जास्त यावरून वाद घातला. मग घोटीच्या अलीकडे मी म्हणाले, "एक सांगायचंय. तुम्ही दिसत नव्हतात ना, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही. मी विचार करत होते, दोन बॅगा एकटीने विमानातून कशा न्यायच्या. सासूबाईंना फोनवर कोणत्या शब्दांत सांगायचं. तुमचा पासपोर्ट कुठल्या कप्प्यात आहे. हेच. दुसरं काही मनात आलंच नाही."

हे सांगताना मला लाज वाटत होती. दोन रात्री मी हे मनात धरून होते.

मधुकरांनी खिडकीची काच अर्धी खाली केली. मग म्हणाले, "माझ्याही मनात तू आली नाहीस. खोटं कशाला बोलू? मला फक्त तहान लागली होती. एवढं पाणी, आणि मला घरच्या माठातलं पाणी हवं होतं."

"मी एकदाही नाही?"

"होडीत बसल्यावर आलीस. म्हटलं, आता ही बोलणार."

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं, कारण आम्ही दोघंही एकदम हसलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. त्या प्रवासाबद्दल कुणी विचारलं, तर मी जाऊ नका असंच सांगते. पंखा, पाणी, इंजिन, सगळं सविस्तर सांगते. पण घोटी ते नाशिक हा तासाभराचा रस्ता आम्ही ज्या मोकळेपणाने बोलत आलो, तसं आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो, आणि त्यासाठी एवढ्या लांब जावं लागलं याचा राग मला अजूनही येतो.